रिकव्हरी गाडीच्या चौतीस दुरुस्त्या

दादाचा उजवा डोळा किती दिवस टिकेल, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "बाई, महिनाही टिकेल, दोन वर्षंही टिकेल. साखर सांभाळा, खाली वाकू नका, जड उचलू नका." डावा डोळा साखरेने आधीच नेला होता. परतीच्या बसमध्ये मी वही काढून तिन्ही सूचना लिहिल्या आणि डोळ्यात घालायच्या थेंबांचा तक्ता आखला. दादा खिडकीशी बसला होता. गेवराई मागे पडल्यावर तो म्हणाला, "एवढं दिसतंय तवर एकदा माझी गाडी बघाया मिळाली आस्ती तर लई बरं झालं आस्तं."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सैन्यात ड्रायव्हर होता. शेवटची अकरा वर्षं त्याच्याकडे रिकव्हरी गाडी होती. मागे क्रेन बसवलेला ट्रक, दरीत पडलेली किंवा चिखलात रुतलेली वाहनं ओढून काढणारा. घरात तो बायकोबद्दल बोलला नसेल इतका त्या गाडीबद्दल बोलायचा. फोटो मात्र एकही नव्हता. तिथे फोटो काढायची परवानगी नव्हती आणि पुढे गाडी भंगारात गेली.

"मी बनवून देते," मी म्हणाले.

"तू? ती पुठ्ठ्याची?"

"प्लास्टिकची. पस्तीस पट लहान."

"क्रेन फिरंल का?"

"फिरेल."

"मंग बनव. पर लवकर बघ. ह्यो डोळा काय आपल्या बापाचा नोकर न्हाई."

हे पोळ्याच्या आठवड्यातलं बोलणं. म्हणजे मुदत मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात 'मला कल्पना नव्हती' असं म्हणायची सोय नाही.

मी बीडमध्ये एका कॉलेजच्या प्रयोगशाळेचं भांडार सांभाळते. परीक्षानळ्या, वजनं, भिंगं, तुटलं-फुटलं, आलं-गेलं. याद्या हेच माझं काम, आणि खरं सांगायचं तर हाच स्वभाव. सहा वर्षांपूर्वी पाठीच्या दुखण्याने तीन महिने घरी पडून होते, तेव्हा वेळ घालवायला विमानाचा एक प्लास्टिकचा संच मागवला. पुढे रणगाडे आले, ट्रक आले. घरात मी एकटीच असल्यामुळे जेवायच्या टेबलाचं कारखान्यात रूपांतर व्हायला कुणाची हरकत नव्हती.

दादाच्या गाडीचा तयार संच बाजारात मिळत नाही. म्हणून एका परदेशी सैन्याच्या साध्या मालट्रकचा संच घेतला. जेमतेम वीतभर लांबी. त्याचं रूपांतर करायचं ठरवलं आणि यादी केली. स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे. मागचा हौदा काढून तिथे सपाट लोखंडी तळ आणि क्रेन. विंच, म्हणजे तार गुंडाळायचा ड्रम. हूक, साखळ्या, अवजारांच्या पेट्या, शिडी. ड्रमला मापाची नळी मिळेना, तेव्हा दादाच्याच इन्सुलिनच्या रिकाम्या सिरिंजची नळी कापली. त्या त्याच्याकडे ढीगभर होत्या.

दसऱ्याच्या चार दिवस आधी गाडी उभी राहिली. क्रेन फिरत होती. मी सहा बाजूंनी फोटो काढले आणि आमच्या गटात टाकले.

हा गट म्हणजे मोबाइलवर जमलेली राज्यभरातली चाळीसेक माणसं. सगळे फक्त सैन्याच्या गाड्या बनवणारे. तिथे एक नियम आहे: आधी तीन चुका, मग कौतुक. कुणी नुसतं 'मस्त' लिहिलं की लगेच कुणीतरी त्याला 'हे काय लग्न आहे का?' म्हणून झापतं. मी माझ्या नावाची आद्याक्षरं तेवढी ठेवली होती आणि फोटोच्या जागी रणगाडा, त्यामुळे तिथे सगळे मला 'सर' म्हणायचे. मी दुरुस्त केलं नाही. दोन माणसं माझ्या कामाकडे विशेष लक्ष द्यायची. एक पुण्याचे निवृत्त बँक अधिकारी, दुसरे सोलापूरचे दातांचे डॉक्टर.

पहिलं उत्तर पुण्याहून आलं. "सर, स्टिअरिंग भारतात आणलंत, अभिनंदन. वायपर आणि आरसे अजून परदेशातच आहेत."

दुसरं सोलापूरचं. "तारेला केस आले आहेत. पोलादी तार आहे की आजीची वात?"

मी क्रेनला शिवणाचा दोरा लावला होता. डोळ्याला चालत होता, पण मोबाइलच्या फोटोत मोठा दिसल्यावर खरंच त्याला बारीक लव दिसत होती. साखळी मी खोट्या दागिन्यांच्या दुकानातून आणली होती. तिच्या कड्या गोल होत्या, ओढायच्या साखळीच्या लांबट असतात. टायर नव्या बुटासारखे चकाकत होते. आणि सगळ्यात मोठी चूक मातीची. गाडी वापरातली दिसावी म्हणून मी गावाकडची, दादाच्याच शेताच्या बांधावरची माती आणली, ओढणीतून दोनदा गाळली आणि चाकांना, खालच्या अंगाला लावली. मला ते फार योग्य वाटलं होतं. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "सर, ही गाडी कुठे चालत होती?"

"उत्तरेला, डोंगरात."

"मग ही काळी माती तिथे कोणी नेली?"

दादाची गाडी बीड जिल्ह्यात कधीच आली नव्हती. आपल्या माणसाची म्हणून मी तिला आपली माती फासली होती. ती धुऊन, वाळवून, खालचा रंग पुन्हा द्यायला चार दिवस गेले. त्याऐवजी सिमेंटची भुकटी आणि खडूची पांढरी पूड मिसळून राखाडी धूळ केली. ती लावल्यावर गाडी खरंच बदलली. थंड प्रदेशातली वाटायला लागली.

गटाने माझी गाडी सुधारली, हे मी आजही म्हणते. दोऱ्याच्या जागी जळालेल्या ट्रान्सफॉर्मरमधली तांब्याची बारीक तार सात पदरी पिळून लावली, आणि तो हूक वजन उचलू शकेल असा दिसू लागला. कोणाचीही टीका वाईट हेतूने नव्हती. वहीच्या पुढच्या पानांवर दादाचे थेंब, साखरेचे आकडे आणि दवाखान्याच्या तारखा होत्या. मागच्या पानांवर मी दुरुस्त्या लिहायचे: चूक काय, कोणी सांगितली, किती दिवस लागतील, झाली की खूण. पहिल्या फेरीत नऊ झाल्या. त्या केल्या, पुन्हा फोटो टाकले, तर नव्या सात आल्या. जुनी चूक गेली की तिच्या आड लपलेली दुसरी दिसते, हा या कामाचा धर्मच आहे.

दादाचा दर रविवारी फोन यायचा.

"झाली का गं?"

"झालीय, पण थोडं बाकी आहे."

"काय बाकी हाय?"

"पेट्यांची कुलपं उलट्या बाजूला लागलीत."

"कुलपं कोण बघतंय बे!" मग स्वतःच हसायचा. बहिणीला 'बे' म्हणालो हे त्याच्या लक्षात यायचं. "तुझ्या त्या गटात समदे सुभेदारच भरलेत वाटतं. इन्स्पेक्शनच सपंना."

भाऊबिजेला दादा आणि वहिनी सकाळच्या एसटीने बीडला आले. मी ओवाळलं. ताम्हन फिरवताना तो डोळा बारीक करून ज्योतीकडे बघत होता. म्हणाला, "दिव्याभवती गोल कडं दिसतंय. रंगीत." मी ते पुढच्या पानांवर लिहून घेतलं, डॉक्टरांना सांगायला. ओवाळणी घालून झाली, जेवणं झाली, आणि तो खुर्चीवर टेकून म्हणाला, "आण आता."

गाडी त्याच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात होती. त्या आठवड्यात सोलापूरच्या डॉक्टरांनी एकोणिसावी दुरुस्ती सांगितली होती: मागे एवढी अवजड क्रेन असताना गाडी रिकाम्या बैलगाडीसारखी ताठ कशी उभी? मागचे पाटे दबलेले हवेत. पाटे म्हणजे चाकावरच्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडीचा भार असतो. बरोबर होतं ते. म्हणून मी मागची चाकं काढली होती, पाटे कापून सपाट करायला घेतले होते. गाडी बाटल्यांच्या चार बुचांवर ठेवलेली होती.

"चाकं काढलीत," मी म्हणाले.

"आसू दे. हाय तशी दाव."

"अर्धवट नको रे दादा. संक्रांतीला पूर्ण करून गावी घेऊन येते."

वहिनी मध्ये पडल्या. "दावा की वन्सं. सकाळधरनं गाडी-गाडी लावलंय यांनी. एसटीतल्या मानसांना बी सांगून झालं."

"संक्रांत लांब हाय," दादा म्हणाला.

"दोन महिने फक्त."

"कावून गं? मी काय नंबर देनार हाय का तिला?"

"तसं नाही. एकदाच बघायची, तर नीट बघ ना."

तो खुर्चीवर सावरून बसला. मग म्हणाला, "बरं." दादाचं 'बरं' मला माहीत आहे. पुढे बोलायचं नाही असा त्याचा अर्थ. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. चार पावलांचं अंतर होतं. मी उठले ते चहा टाकायला.

ते गेल्यावर संध्याकाळी मी पाटे पुरे केले, चाकं बसवली, फोटो टाकले. पुण्याच्या गृहस्थांनी पहिल्यांदाच चूक न काढता लिहिलं, "उत्तम. आता वजन दिसतं." त्या शब्दाचा मला फार आनंद झाला. मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. दादा तेव्हा गावी परतताना शिरूरच्या बसमध्ये असेल.

मार्गशीर्षात एका सकाळी वहिनींचा फोन आला. "वन्सं, हे म्हनत्यात डोळ्यापुढं काळी जाळी आली. मुंग्या चालल्यावानी दिसतंय. काल शेळी आडली व्हती, हे वाकले व्हते पिल्लू वढाया." डोळ्यात रक्त उतरलं होतं. आम्ही त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं. शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त आलं, पुन्हा शस्त्रक्रिया. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी औषधांच्या पावत्या तारखेवार लावत होते आणि मध्येच मोबाइलवर सोलापूरच्या डॉक्टरांना विचारत होते की पेट्यांच्या कडांवरचा हिरवा रंग उडालेला दाखवायचा तर खाली गंज दाखवू की नुसतं लोखंड. त्यांनी सविस्तर उत्तर दिलं. मी कुठे बसले आहे हे त्यांना माहीत नव्हतं. गाडी कोणासाठी आहे हेही मी गटात कधी सांगितलं नव्हतं. तिथे कोणी विचारत नाही आणि मीही सांगितलं नाही.

संक्रांतीच्या आधीच डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. उजेड आणि अंधार एवढं कळेल, याहून जास्त नाही. दादाने विचारलं, "मानूस?" डॉक्टर म्हणाले, "सावलीसारखा." दादा म्हणाला, "बरं."

तेव्हा सहा दुरुस्त्या शिल्लक होत्या. त्या मी सगळ्या केल्या.  यादी उघडी होती आणि ती पुरी करायची मला सवय आहे, एवढंच. चौतिसावी खूण केली त्या दिवशी पुण्याहून एक शब्द आला: "निर्दोष." मागोमाग आणखी अकरा जणांनी तेच लिहिलं.

गाडी घेऊन गावी गेले, तेव्हा निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारी आणि शेळ्या. दादा ओट्यावर उन्हाच्या अंगाला तोंड करून बसला होता. मी खोकं उघडून गाडी त्याच्या दोन्ही हातांत दिली.

"आली व्हय," तो म्हणाला. नाकाशी धरली. "रंगाचा वास येतोय अजून."

मग त्याची बोटं फिरायला लागली. जाड, फुटलेली, आणि इतक्या वर्षांच्या साखरेने बधिर झालेली बोटं. पायाला काटा लागला तरी त्याला कळत नाही, हे मला ठाऊक होतं. हातांचं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. टपावरून त्याने बोट नेलं. तिथे पुण्याच्या गृहस्थांनी मोजून दिलेले रिव्हेट होते, सुईच्या टोकाएवढे. बोट त्यांच्यावरून तसंच घसरत गेलं. दारापाशी थांबलं. आरसा वाकला. मग मागे गेलं आणि बारीक आवाज झाला.

"काय तुटलं का?"

"नाही," मी म्हणाले. पितळी तारेची शिडी माझ्या पायाशी पडली होती. मी उचलून पर्समध्ये टाकली.

"क्रेन कुठंय?"

मी त्याचं बोट दांड्यावर ठेवलं. त्याने हलकेच फिरवली. फिरली. तोंडावर जरा काहीतरी आलं आणि गेलं.

"बारकी हाय लई," तो म्हणाला. "हाताला काय घावंना. तू सांग."

मी सांगायला लागले. टप कसा आहे, पेट्या किती, तार कशी पिळली, धूळ कोणत्या रंगाची. मला सगळं क्रमाने पाठ होतं. तो ऐकत होता, पण दोन-तीन गोष्टींनंतर मला जाणवलं की तो हो म्हणतोय ते माझ्यासाठी. आवाजाने गाडी दिसत नाही. मी थांबले.

शेळ्यांना पाला टाकून वहिनी आत गेल्या. दादाने गाडी मांडीवर धरली होती, लहान मुलाला धरावं तशी नाही, ओझं धरावं तशी.

"दिवाळीला कशी व्हती ही?" त्याने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. नुसता सांगाडा होता म्हटलं असतं तर त्याला पटलं असतं. पण त्याच्याशी मी कधी खोटं बोलले नाही, शिडीचं सोडून.

"उभी होती. टप, क्रेन, पेट्या, सगळं होतं. रंगही होता. मागची दोन चाकं तेवढी काढली होती."

"तुझ्या घरात?"

"कपाटात. तुझ्या खुर्चीमागे."

 त्याचा आवाज चढला नाही, आणि मला वाटतं चढला असता तर बरं झालं असतं.

"दावायची की मंग, बाई. जलमभर बिनचाकाच्याच गाड्या वढल्या की मी. दरीत पडलेल्या. चेपलेल्या. पाक उलट्या. वरून बघून सांगायचो, ही अमक्या युनिटची, ही तमक्याची. अन् माझीच मला वळखली नसती व्हय?"

मी पर्सची चेन ओढून बंद केली. 

जरा वेळाने त्याने गाडी माझ्या दिशेने पुढे केली, अंदाजाने, माझ्या खांद्याच्या थोडी उजवीकडे. "चांगली झाली आसंल," तो म्हणाला. "एवढ्या लोकांनी बघितली म्हंजी झाली आसंल. पर ही आता त्या लोकांचीच हाय. घिऊन जा. हितं शेरडं तुडवतील."

मी ठेवायचा आग्रह केला. त्याने मान हलवली. मग वहिनींनी जेवायला वाढलं, भाकरी आणि शेपूची भाजी, आणि बोलणं पावसावर, शेळीच्या पिल्लावर गेलं. पिल्लू जगलं होतं. ते अंगणात उड्या मारत होतं आणि त्याच्या गळ्यातल्या घुंगराच्या आवाजाकडे दादा चेहरा फिरवत होता.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा गटात निरोप आलेले होते. पुण्याच्या गृहस्थांना गाडी तिकडच्या प्रदर्शनात ठेवायची होती. "सर, मालकाची परवानगी आहे ना?" असं त्यांनी गमतीत विचारलं होतं. मी पहिल्यांदाच सगळं लिहिलं. मी सर नाही, बाई आहे. गाडी भावाची आहे. तो ती चालवत होता. त्याची नजर जाणार हे मला माहीत होतं, आणि ती गेल्यावर मी गाडी पुरी केली. प्रदर्शनात ठेवायची नाही.

  मग सोलापूरच्या डॉक्टरांचा निरोप आला, गटात नाही, मला एकटीला. "ताई, पाटे मीच सांगितले होते. आधी कळलं असतं तर सांगितले नसते."

मी लिहिलं, "पाटे बरोबरच सांगितलेत. भाऊ समोर बसून मागत होता, आणि मी त्याला थांबायला लावलं."